गंजायला वेळ लागतो

दिवसभर मी दात जुने करते.
वेअरहॅममध्ये, साउथ स्ट्रीटच्या दवाखान्यामागच्या खोलीत,
पोर्सेलीनचा कोरा दात येतो हातात
आणि मी त्याला हिरडीपाशी थोडा पिवळा करते,
टोकाशी केसाएवढा तडा,
चहाची चाळीस वर्षं एका कुंचल्यात.
शेजाऱ्यांत तो बेमालूम बसला,
कुणी त्याला पाहिलंच नाही,
तर मी पास.

रात्री टँक.
पस्तिसातला एक. क्रॉमवेल. तळहातावर मावतो.
पांढऱ्या पुट्टीच्या शेवया वळून
त्याच्या अंगावर नागमोडी चिकटवते,
मधल्या जागेत काळा फवारा.
पुट्टी सोलली की हिरव्यावर काळे ढग.
कडांना पेन्सिलीचं शिसं,
फाटक्या स्पंजने उडवलेले टवके,
आणि पट्ट्यांत फ्रोमच्या काठची माती,
ओव्हनमध्ये भाजून वस्त्रगाळ केलेली.
"घरातली धूळ पुसायला तुला सवड नाही," नवरा म्हणतो,
"आणि ह्याच्यावर कुंचल्याने लावतेस!"
चहाची गाळणी त्याने हल्ली लपवून ठेवली आहे.

गंज मला विशेष जमतो.
तपकिरीत केशरी खडूची चिमूट,
बिजागरीपासून खाली ओढत नेलेला ओघळ,
सायलेन्सरवर तर पापुद्रेच.
चाळीस रात्री दिल्या मी त्या गंजाला.

गुरुवारी मेथडिस्ट हॉलमध्ये मॉडेलवाले जमतात.
अकरा पुरुष, एक बिस्किटांचा डबा.
पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला अदबीने
शेजारच्या खोलीतला पाककलेचा वर्ग दाखवला होता.
आता खुर्ची राखून ठेवतात.

लेन स्टिकलंड काहीच बनवत नाही.
तो हीटरसाठी येतो.
लुलवर्थच्या रेंजवर सरावाच्या तोफा वाजतात,
खिडक्या थरथरतात, कुणी मान वर करत नाही.
फक्त लेनचा कप
अर्ध्या वाटेवर थांबतो, मग ओठांना लागतो.

त्या रात्री त्याने माझं भिंग मागितलं.
क्रॉमवेल फिरवून फिरवून बघितला,
घोड्याचे दात बघावेत तसा.
"सुंदर," म्हणाला. "पण गंज?
गंजायला वेळ लागतो, बाई.
आमचा नॉर्मंडीत अकरा दिवस टिकला."

हीटर टकटक करत होता.

"इथला रंग मात्र गेला होता."
नखाने दाखवलं, झाकणाची डावी कड.
"एडी इथे पाईप झटकायचा.
मी ओरडायचो त्याच्यावर. रोज."
रोज म्हणजे किती वेळा, हे मी विचारलं नाही.

घरी येऊन हिशेब केला, सवयीने:
अकरा दिवस भागिले पस्तीस.
साडेसात तास.
दवाखान्यातली माझी एक पाळी,
जेवणाची सुट्टी वगळून.

थिनरमध्ये बुडवलेला कापूस
चाळीस रात्री वीस मिनिटांत पुसतो.
सायलेन्सर पुन्हा रंगवला. ओघळ गेले.
माती ठेवली, ती लागायला एक सकाळ पुरते.
आणि झाकणाच्या डाव्या कडेला
सगळ्यात बारीक कुंचल्याने,
श्वास धरून,
मोहरीएवढं उघडं लोखंड.

एप्रिलमध्ये डॉर्चेस्टरची स्पर्धा.
परीक्षकांच्या कार्डावर नेटक्या अक्षरात:
"छद्मरंग उत्तम. पण रणगाडा फार नवा वाटतो.
वापराच्या खुणा कमी. पुढच्या वेळी गंजाचा विचार करावा."
क्रमांक नाही.

मी कार्ड लेनकडे दिलं.
त्याने हात लांब करून वाचलं, पुन्हा वाचलं,
आणि तोंड भरून हसला.
वरची पूर्ण कवळी, खालचे चार,
डावा सुळा किंचित वाकडा ठेवलेला,
सगळे माझ्या हातचे.
अख्ख्या हॉलमध्ये
ते कुणालाच दिसले नाहीत.